फोन आजीचा, किल्ली नातवाकडे

घरातल्या सत्तरीपुढच्या कोणाचाही फोन हातात घ्या आणि चार गोष्टी विचारा. सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे? फोनमध्ये चालू असलेलं गुगल खातं कोणी उघडलं? त्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे? आणि पासवर्ड विसरला, तर गुगलचा कोड कोणाच्या नंबरवर जातो? ज्येष्ठांच्या मोबाईल वर्गात नेहमी दिसणारं चित्र असं: सिम मुलाच्या नावावर, खातं नातवाने दिवाळीच्या सुट्टीत घाईघाईने उघडलेलं, पासवर्ड त्यालाही आता आठवत नाही आणि कोड जातो पुण्याला, बंगळुरूला नाहीतर न्यू जर्सीला.

आजी-आजोबा आता फेसबुकवर आहेत, रील बघतात, व्हिडिओ कॉल करतात, म्हणजे म्हातारपणाकडे बघण्याची आपली नजर बदलली, असं कौतुकाने लिहिलं-बोललं जातं. माझं मत वेगळं आहे. पडद्यावर ज्येष्ठ दिसू लागले एवढ्याने नजर बदलत नाही. खातं ज्याचं, त्याच्या हातात त्याची किल्ली आली की बदलते. तोवर ते स्वतःच्याच फोनमध्ये पाहुणे असतात, आणि पाहुण्याला घरचे जितपत विचारतात तितपतच त्यांना विचारलं जातं.

किल्ली दुसऱ्याकडे असल्याचा फटका फोन चालू असेपर्यंत कळत नाही. फोन पाण्यात पडतो किंवा चोरीला जातो, तेव्हा कळतो. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगल खात्यात साठतो आणि तो परत मिळवायला तोच मोबाईल नंबर आणि तेच गुगल खातं लागतं. नव्या फोनवर दुकानदार 'नवीन खातं काढून देतो काका' म्हणतो आणि पाच वर्षांचे फोटो, भावाचे शेवटचे आवाजी निरोप, सगळं मागे राहतं. खातं कायमचं अडकायची अजून एक जागा म्हणजे जन्मतारीख. फॉर्मवरचं वर्षांचं चक्र चालू सालापासून सुरू होतं. 1951 पर्यंत बोटाने ढकलत जायचा कंटाळा येतो आणि मध्येच कुठलं तरी साल पडतं. ते फार अलीकडचं निघालं तर खातं अल्पवयीनाचं समजून बंद होऊ शकतं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. सेटिंग्जमध्ये 'गुगल', तिथे आपलं खातं, त्यातला सुरक्षेचा भाग, आणि तिथे रिकव्हरी फोन व रिकव्हरी ईमेल. फोन नंबर ज्येष्ठाचा स्वतःचा. ईमेलच्या जागी हवं तर मुलीचा पत्ता, म्हणजे आधार मिळतो पण ताबा जात नाही. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवायला काहीच हरकत नाही. पासवर्ड कधीही लिहू नये हा सल्ला कचेरीतल्या टेबलांसाठी होता. आजोबांचा पासवर्ड पळवणारा चोर त्यांच्या कपाटापर्यंत येत नाही, तो फोनवरून बोलतो. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन मात्र त्या वहीत नको. सिम मुलाच्या नावावर असेल तर दोघांनी ओळखपत्रं घेऊन कंपनीच्या दुकानात जाऊन ते नावावर करून घ्यावं. आपल्या नावावर किती सिम आहेत हे 'संचार साथी' पोर्टलवर दिसतं.

आता त्या बदनाम 'शुभ सकाळ'कडे. गुलाबाचं फूल, वाफाळता चहा, खाली सुविचार. गुगलने 2017 च्या डिसेंबरात 'फाइल्स गो' हे ॲप आणलं, तेव्हा भारतीयांच्या फोनमधली ही चित्रं शोधून पुसणं हे त्याचं एक ठळक काम म्हणून पुढे आलं. विनोद आपल्याला सोपा पडतो. पण जुन्या अकरावीच्या बॅचचा ग्रुप जवळून पाहिला तर या फुलांचं काम कळतं. ती हजेरी असते. रोज सहाला फूल टाकणाऱ्याचं फूल दोन दिवस आलं नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी फोन करतं. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी याहून स्वस्त आणि याहून नियमित व्यवस्था सध्या तरी कोणत्याही महापालिकेकडे नाही. त्यामुळे फोन भरतो ही तक्रार खरी असली, तरी उपाय फूल बंद करण्यात नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा'त आपोआप डाउनलोड बंद करावं, चॅटच्या सेटिंगमध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करावी म्हणजे चित्रं गॅलरीत शिरत नाहीत, आणि महिन्यातून एकदा 'मॅनेज स्टोरेज' उघडून पाच एमबीपेक्षा मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फायली काढाव्यात.

फेसबुकवर आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत जे घडतं, त्याकडे फार कमी लक्ष गेलं आहे. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि त्या पिढीत अनेकींचं पहिलं नावही तांदळात बोट फिरवून बदललं गेलं. शाळेतली कुसुम कुलकर्णी फेसबुकवर वृषाली देशपांडे असेल, तर तिची वर्गमैत्रीण तिला कशी शोधणार? पुरुषांच्या बॅचचे ग्रुप आधी जमले आणि बायकांचे उशिरा, याचं एक कारण एवढं साधं आहे. फेसबुकमध्ये याची सोय आहे, पण ती कोपऱ्यात आहे. प्रोफाइलच्या 'अबाउट' भागात 'अदर नेम्स' असतं. तिथे प्रकार म्हणून 'मेडन नेम' निवडून माहेरचं पूर्ण नाव लिहायचं, एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन लिपीत, आणि ते प्रोफाइलवर वर दिसावं यासाठीच्या चौकटीत खूण करायची. मुख्य नाव बदलून बघण्याच्या भानगडीत पडू नये. एकदा बदललं की पुढचे 60 दिवस परत बदलता येत नाही.

हे करून झाल्यावर काय होतं ते पाहण्यासारखं असतं. घरात जी आजी, सोसायटीत जी काकू, दवाखान्यात जी 'पेशंट, वय 72', तिला कोणीतरी 'कुसुम' म्हणून हाक मारतं आणि विचारतं, ती खो-खोची मॅच आठवते का? नात्याने न ओळखणारे, वयाला 'जपून हं' न म्हणणारे लोक तिला कित्येक वर्षांनी भेटतात. वृद्धत्वाकडे बघण्याची नजर खरी कुठे बदलत असेल तर ती इथे, समवयस्कांत. आणि ती बदलते ज्येष्ठांची स्वतःकडे बघण्याची नजर.

हा बदल आयुष्याच्या हिशेबातही मोजला गेला आहे. येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोतील 660 जणांच्या नोंदींवरून दाखवलं, की आपल्या वाढत्या वयाबद्दल ज्यांचं मत चांगलं होतं ते इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. वय, लिंग, आर्थिक स्थिती, एकटेपणा आणि प्रकृती यांचा हिशेब वेगळा करूनही. याच लेव्हींचा 2014 चा अभ्यास आपल्या विषयाच्या आणखी जवळचा आहे. फेसबुकवर वृद्धांविषयी काढलेले 84 ग्रुप त्यांनी तपासले, सभासद 25,489. ग्रुप काढणारे सरासरीने विशीतले, साठीच्या वरचा एकही नाही. एक सोडून सगळ्या ग्रुपांची वर्णनं वृद्धांविषयीच्या हिणकस समजुतींवर उभी. 74 टक्क्यांत शिवीगाळ वा तुच्छता, 27 टक्क्यांत त्यांना बाळासारखं वागवणं, आणि 37 टक्क्यांत त्यांना खरेदीसारख्या सार्वजनिक गोष्टींतून बाहेर काढा अशी मागणी. फेसबुकच्या द्वेषमूलक मजकुराविरुद्धच्या नियमांत तेव्हा वंश, धर्म, लिंग, अपंगत्व होतं, वय नव्हतं.

धंद्याची नजरही बघा. फेसबुकवर जाहिरात देताना वयाची पट्टी एकेका वर्षाने सरकते आणि 65 ला येऊन थांबते. पुढे फक्त अधिकचं चिन्ह. निवृत्तीनंतर कोचिंग क्लास काढणारी 66 वर्षांची बाई आणि काठी घेऊन चालणारे 94 वर्षांचे गृहस्थ, दोघं एकाच डब्यात. आपली एसटी यापेक्षा शहाणी म्हणायची: 65 ते 75 ला अर्धं तिकीट आणि 2022 च्या ऑगस्टपासून 75 च्या पुढे फुकट, म्हणजे निदान दोन म्हातारपणं तिला माहीत आहेत. आयकर खातंही 60 आणि 80 वेगळे मोजतं. ज्येष्ठांना जे रील दाखवले जातात त्यांत गुडघ्याचं तेल, भजन आणि मधुमेहाचे काढे एवढंच का येतं, याच्या मागे हा डबाही आहे.

दुसऱ्या टोकाला 'व्हायरल आजी' आहे, आणि तिच्याबद्दल मला जास्त शंका आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं 'आपली आजी' हे यूट्यूब चॅनेल 2020 मध्ये गाजलं, त्याच वर्षी ते हॅक झालं आणि परत मिळालं. कॅमेरा नातवाकडे होता, पण तिथे बोलणारी, मसाल्याचं प्रमाण सांगणारी, जाणकार म्हणून समोर उभी असलेली आजीच होती. याच्या उलट, नाचायला लावलेली, शिवी द्यायला लावलेली, विग आणि गॉगल घातलेली म्हातारी माणसं रोज दिसतात, आणि खाली 'किती क्यूट' अशा प्रतिक्रियांची रांग. ते बाळासारखं वागवणंच आहे, फक्त हसऱ्या चेहऱ्याने. घरी असे व्हिडिओ करणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात: टाकण्याआधी पूर्ण व्हिडिओ त्यांना दाखवावा, खालच्या प्रतिक्रिया त्यांना वाचून दाखवाव्यात, आणि पैसे मिळत असतील तर खातं कोणाचं ते आधी ठरवावं. यूट्यूबची कमाई ॲडसेन्स या गुगलच्या जाहिरात-खात्यातून येते. 10 डॉलर झाले की पत्त्याची खात्री करणारा पिन पोस्टाने येतो आणि 100 डॉलर झाल्यावर पैसे बँकेत पडतात. त्या पाकिटावर कोणाचं नाव आहे यावरून त्या घरातली नजर कळते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की खोट्या बातम्या हेच पसरवतात आणि ठगांच्या हातीही हेच सापडतात, मग किल्ली त्यांच्याकडे द्यायची कशी? आक्षेपात तथ्य आहे. 2016 च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळातल्या फेसबुकवरचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 65 च्या पुढच्यांनी 18 ते 29 वयाच्या लोकांपेक्षा जवळजवळ सातपट खोटे लेख पुढे पाठवले होते. हा 'सातपट'चा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्याच अभ्यासात हेही आहे, की 65 च्या वरच्यांपैकी असा एकही लेख पाठवणारे होते 11 टक्के. उरलेल्या 89 जणांनी काही केलेलं नव्हतं.

त्या अकरा जणांसाठी टोमणा उपयोगी पडत नाही, खूण उपयोगी पडते. व्हॉट्सॲपवर निरोपाच्या वर दोन बाण दिसले की तो पुष्कळ हातांतून फिरून आलेला आहे. 2020 च्या एप्रिलपासून असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, तो त्यासाठीच. आणि एक नियम घरात सगळ्यांसाठी, तरुणांसकट: औषध सुरू करा, बंद करा, मात्रा बदला असं सांगणारा कोणताही निरोप डॉक्टरांना दाखवल्याशिवाय अमलात आणायचा नाही. रक्तदाबाची गोळी काढ्यासाठी सोडल्याचं नुकसान बातमीपेक्षा फार मोठं असतं.

ठगीचं प्रकरण मात्र सविस्तर बघायला हवं, कारण 'काढून घ्या त्यांचा फोन' हा सल्ला इथूनच निघतो आणि नेमका इथेच उलटतो. 'डिजिटल अटक' कशी होते? आधी फोन येतो: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले किंवा तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला. मग व्हिडिओ कॉल, पलीकडे गणवेश, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, सही-शिक्क्याचं बनावट पत्र. मग सांगतात, तपास गोपनीय आहे, घरात कोणाला सांगितलंत तर त्यांनाही अटक होईल, कॅमेरा बंद करायचा नाही. शेवटी 'पडताळणीसाठी' मुदत ठेव मोडून पैसे एका खात्यात भरायला लावतात. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनी 2024 च्या ऑक्टोबरात 'मन की बात'मध्ये हे सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या ऑक्टोबरात अंबाल्याच्या एका ज्येष्ठ दांपत्याच्या तक्रारीवरून या गुन्ह्याची स्वतःहून दखल घेतली.

या सगळ्या रचनेचा खुंटा एकच: घरात सांगू नका. ज्या घरात याआधी दोन हजार रुपये गेल्यावर 'तुम्हाला कळत नाही तर हात कशाला लावता, आता साधा फोनच आणतो' असं ऐकवलं गेलंय, तिथे हा खुंटा आधीच ठोकलेला असतो. फोन जाईल, मान जाईल, ग्रुप जाईल, या भीतीने माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसण्याचे ते तास ठगाला हवेच असतात. म्हणून सुरक्षेची पहिली पायरी ॲपमध्ये नाही. घरात सगळ्यांसमोर एकदा ठरवून टाकावं: काहीही झालं तरी फोन काढून घेतला जाणार नाही, रात्री दोनला उठवलं तरी कोणी ओरडणार नाही.

त्यानंतर सेटिंग. व्हॉट्सॲपच्या 'प्रायव्हसी'त 'ग्रुप्स'ला 'माय कॉन्टॅक्ट्स' करावं, म्हणजे शेअर बाजाराच्या अनोळखी ग्रुपमध्ये कोणी परस्पर ओढत नाही. 'कॉल्स'मध्ये 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू. 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन ठेवावा, मग 'चुकून तुझ्याकडे माझा कोड आलाय, सांग ना' या मैत्रिणीच्या नावाने आलेल्या निरोपाला फसून कोड दिला गेला तरी खातं सहसा जात नाही. 'लिंक्ड डिव्हायसेस' अधूनमधून बघावं. ओळखीचं नसलेलं यंत्र दिसलं की बाहेर काढावं. लग्नाची पत्रिका म्हणून आलेल्या फायलीच्या नावाशेवटी पीडीएफऐवजी एपीके असेल तर ते फोनमध्ये शिरणारं ॲप आहे, उघडायचं नाही. फेसबुकवर मित्रयादी 'ओन्ली मी' करावी, कारण तुमचाच फोटो लावून नकली खातं काढणारा पैसे मागायला तीच यादी वापरतो. 'लॉक प्रोफाइल'ची सोयही आहे.

पैसे गेलेच तर आधी 1930 ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, मग बँक. हाताशी ठेवायचं: आपला खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक. पैसे चोराच्या पहिल्या खात्यातून पुढच्या खात्यांत काही तासांत पसरतात, म्हणून रडारड, दोषारोप, मुलाची वाट बघणं, सगळं नंतर. आपला पडदा समोरच्याला दिसेल असं ॲप कोणी फोनवर टाकायला लावलं असेल तर प्रथम एअरप्लेन मोड, आणि 1930 दुसऱ्या फोनवरून.

'त्यांना जमत नाही' यातलं बरंचसं शरीराचं असतं, बुद्धीचं नसतं. पडदा बोटातल्या विद्युतवाहकतेवर चालतो; वयाबरोबर त्वचा कोरडी होते आणि स्पर्श नोंदलाच जात नाही. मग माणूस जोरात आणि जास्त वेळ दाबतो, फोनला वाटतं 'लाँग प्रेस', निरोप उघडण्याऐवजी निवडला जातो आणि वर कचऱ्याचा डबा दिसतो. 'ॲक्सेसिबिलिटी'त 'टच अँड होल्ड डिले' लांब केला की हा घोळ बराच कमी होतो. अक्षर मोठं करताना शेवटच्या टोकाला नेऊ नये, काही ॲपमध्ये बटणं पडद्याबाहेर जातात. एक पायरी कमी ठेवावी. टंकलेखनाचा त्रास असेल तर कळपाटावरचा माइक; गुगलचं मराठी बोलून लिहिणं 2017 पासून आहे आणि संथ, स्पष्ट मराठी बोलणाऱ्या पिढीचं त्याला चांगलं कळतं. चुकून 'डिलीट फॉर मी' दाबलं गेलं तर व्हॉट्सॲप ते मागे घ्यायला अवघे पाच सेकंद देतं. चष्मा शोधेपर्यंत ते संपतात. हा दोष बनवणाऱ्याचा आहे.

शिकवताना एकच पथ्य पाळलं तरी निम्मं काम होतं: शिकवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही. 'द्या इकडे' म्हणून नातवाने चार सेकंदांत करून दिलेलं काम पुढच्या वेळीही नातवालाच करावं लागतं. पाऊण तासाचा वर्ग, एका वेळी एकच काम, आठाच्या वर माणसं नकोत, आणि सॅमसंगवाले एका टेबलाशी, रेडमीवाले दुसऱ्या, कारण दोन्हींतली सेटिंगं वेगळ्या जागी असतात. टिपणं ज्याने त्याने आपल्या हाताने, आपल्या शब्दांत. चुका करायला 'सराव' नावाचा वेगळा ग्रुप. ज्येष्ठ नागरिक संघांकडे आणि विरंगुळा केंद्रांकडे जागा आहे, वेळ आहे, बासष्ट-त्रेसष्टीतले तरबेज लोकही आहेत. आठवड्यातून दोन तास असं टेबल मांडायला कोणत्या अनुदानाची वाट बघायची गरज नाही.

किल्ली सोपवायची वेळही येते. विस्मरण वाढतं, नजर जाते. तेव्हा ती कोणाकडे जावी हे ज्याची आहे त्याने, हुशारी शाबूत असताना ठरवलेलं बरं. गुगलच्या 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये 3, 6, 12 किंवा 18 महिने खातं शांत राहिलं तर कोणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं हे लिहून ठेवता येतं. दहा जणांपर्यंत नावं देता येतात. फेसबुकला 2015 पासून 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे. व्हॉट्सॲपमध्ये अशी सोय नाही, 120 दिवस वापर नसला तर खातं पुसलं जाऊ शकतं. तेव्हा ग्रुपचे ॲडमिन असाल तर दुसरा ॲडमिन आजच नेमून ठेवा, आणि तो शक्यतो ग्रुपमधलाच असू द्या.